परसातील नारिंगी जास्वंद

वनस्पतिशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याची जास्वंदीशी पहिली खरी ओळख होते ती ब्लेडच्या पात्याने. माल्व्हेसी कुलाचे नमुनेदार फूल म्हणून प्रात्यक्षिकाच्या तासाला ते टेबलावर येते, उभे चिरले जाते आणि वहीत नोंदी होतात. बाहेर अपिसंवर्ताची हिरवी झालर, आत पाच दातांचा संवर्त, एकमेकींवर पिळलेल्या पाच पाकळ्या, असंख्य केसरदलांची मिळून झालेली एकच नळी आणि तिच्या टोकातून डोकावणारे पाच मखमली किंजल्क. रंगाच्या रकान्यात बहुतेक सर्वजण 'तांबडा' असे लिहितात. एका वर्षी एका विद्यार्थिनीने घरून आणलेले फूल स्वच्छ नारिंगी होते. पण शेजारच्या वहीत पाहून तिनेही 'तांबडा' लिहिले आणि तपासताना मीही त्यावर बरोबरची खूण केली. चूक ध्यानात आली ती वही परत दिल्यावर. प्रस्तुत लेख ही त्या खुणेची दुरुस्ती समजावी.

कुंभारवाड्याच्या आसपास, जोयडा तालुक्यातील वाड्यांतून, जास्वंद हे कुणी मुद्दाम लावलेले झाड वाटत नाही. ती कुंपणाला असते, विहिरीच्या कडेला असते, न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाते तिथे हमखास असते. आमच्या कन्नड विभागातील मित्र तिला दासवाळ म्हणतात. संस्कृतात तिचे नाव जपा. तांबडी जास्वंद घरोघरी, पण नारिंगी जास्वंद क्वचित एखाद्या अंगणात दिसते आणि मग शेजारणी तिची काडी मागून नेतात. ही काडी मागून नेण्याची रीत शास्त्रदृष्ट्या किती महत्त्वाची आहे ते पुढे येईलच.

प्रथम रंगाचा विचार करू. 'नारिंगी' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. आपल्या बायकांची भाषा याबाबतीत पुष्कळ काटेकोर आहे. शेंदरी, केशरी, विटकरी, अबोली, पिकल्या नारिंगाचा आणि पिकल्या पपईच्या गराचा, हे सगळे रंग त्यांना वेगळे दिसतात आणि जास्वंदीत हे सगळे सापडतात. बाग लावणाऱ्याने रोपवाटिकेत जाताना 'नारिंगी द्या' असे न म्हणता यांतला कोणता हवा ते सांगितले, तर निम्मी निराशा टळेल.

पण या सर्व छटांच्या मागे एक गंमत आहे. नारिंगी जास्वंदीच्या पाकळीत नारिंगी नावाचा वेगळा रंग बहुधा नसतोच. तिथे दोन रंग असतात. एक पिवळा, तो कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्यांचा, म्हणजे गाजरात आणि पपईत जी द्रव्ये असतात त्यांच्या भाईबंदांचा. तो कोशिकेतील बारीक कणांत साठलेला असतो आणि पाण्यात विरघळत नाही. दुसरा तांबडा, तो अँथोसायनिन या द्रव्याचा. तो कोशिकेच्या रिक्तिकेतील रसात विरघळलेला असतो. पिवळ्या काचेवर तांबडी काच ठेवून उन्हाकडे पाहावे तसे आपण या पाकळीकडे पाहतो आणि नारिंगी म्हणतो. तांबड्याचा थर दाट झाला की शेंदरी, विरळ झाला की केशरी, नुसताच पुसटसा उरला की पपई.

यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. घरी पाहता येते. नारिंगी फुलाच्या पाच पाकळ्या तुकडे करून वाटीभर कढत पाण्यात टाकाव्यात. थोड्या वेळाने पाण्याला जांभळट तांबूस झाक येते आणि पाकळीचे तुकडे फिके, पिवळट होऊ लागतात. रंग असे वेगळे झाले! आता ते पाणी दोन पेल्यांत ओतावे. एकात लिंबू पिळले तर ते लालभडक होते. दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकली तर ते हिरवट होते. उरलेल्या पिवळ्या तुकड्यांवर लिंबाचा असा काही परिणाम होत नाही. त्यांचा रंग काढायचा तर स्पिरिट लागते. महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक आहेच. पाकळीचा पापुद्रा सोलून पाहिला तर कोशिकेतील गुलाबी रस आणि पिवळे कण डोळ्यांनी वेगळे पाहता येतील.

येथे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची आठवण होते. स्फटिकाजवळ जपाकुसुम ठेवले की स्फटिक तांबडा भासतो, हा आपल्या दर्शनग्रंथांतील प्रसिद्ध दृष्टान्त. त्या शास्त्रकारांनी रंग खरा मानला तो फुलाचा आणि उसना मानला तो स्फटिकाचा. त्यांच्यापुढे नारिंगी जास्वंद असती तर वाद आणखी एक पायरी पुढे गेला असता, असे मला वाटते. असो.

रंग दोन आहेत हे कळल्यावर बागेतील पुष्कळ तक्रारींचा उलगडा होतो. "डिसेंबरात आणली तेव्हा शेंदरी होती, मे महिन्यात पिवळी झाली, आम्हांला फसवले," असे लोक म्हणतात. फसवणूक नव्हे. अँथोसायनिन थंडीत आणि चांगल्या उजेडात अधिक तयार होते, कडक उष्म्यात कमी. पिवळा थर आपल्या जागी राहतो आणि तांबडा वरखाली होतो. त्यामुळे एकाच झाडाची फुले थंडीत विटकरीकडे आणि उन्हाळ्यात हळदीकडे झुकतात. घाटमाथ्यावरच्या आपल्या थंडीत नारिंगी जास्वंद जो रंग दाखवते, तो खाली कारवारच्या दमट किनाऱ्यावर तिला तितका साधेलच असे नाही. गर्द सावलीत लावलेली जास्वंद मात्र बाराही महिने फिकी राहील, आणि फुलेही कमी देईल.

कारवारचा विषय निघालाच आहे तर काळी नदीच्या मुखाशी उगवणाऱ्या बेलपटाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. खाडीकाठी, कांदळवनाच्या मागच्या बाजूला, हृदयाकृती पानांचे हे झाड वाढते. पुष्कळ ग्रंथांत ते जास्वंदीच्याच प्रजातीत, हिबिस्कस टिलिएसियस या नावाने आढळेल. त्याचे फूल सकाळी लिंबासारखे पिवळे उमलते, दुपार कलताना नारिंगी होते आणि संध्याकाळी तांबूस होऊन गळते. पिवळ्यावर तांबडा चढत जाण्याची जी क्रिया परसातील जास्वंदीच्या कळीत आपल्या नजरेआड होऊन जाते, ती बेलपट दिवसाउजेडी, आपल्यासमोर, करून दाखवतो. सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांनी सकाळचे एक आणि संध्याकाळचे एक अशी दोन फुले जवळजवळ ठेवून पाहावीत.

आता कुळाकडे वळू. लिनियसने १७५३ साली जास्वंदीला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे 'चीनचा गुलाब', असे नाव दिले. नावात चीन आला खरा, पण ही वनस्पती रानात, आपोआप उगवलेली, चीनमध्येही मिळत नाही आणि भारतातही नाही. माणसाच्या हाताने वाढलेली, माणसाबरोबर फिरलेली अशी ही जात आहे. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या रानटी जातींचा संकर तिच्या मुळाशी असावा, असे अलीकडच्या अभ्यासकांचे मत आहे. आपल्याकडे ती जुनी आहे यात शंका नाही. सतराव्या शतकात मलबारातील डच अधिकारी व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला (१६७८–१६९३). त्यात ती 'चेंपरत्ती' या मल्याळी नावाने आली आहे. चेंपरत्ती म्हणजे तांबडी कापशी. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच घरातली भावंडे आहेत हे त्या नावाने आधीच ओळखले होते! याच ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले आणि त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले गेले, ही गोष्ट आपल्या सीमाभागातील वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

जुन्या जास्वंदी मुख्यतः तांबड्या. बागेतील रंगांचा मेळा भरला तो संकराने. मॉरिशस बेटावर चार्ल्स टेल्फेअर याने १८२० च्या सुमारास मस्कारेन बेटांवरील एका जातीशी जास्वंदीचा संकर घडवला. नंतर आफ्रिकेच्या पूर्व भागातील कातरलेल्या पाकळ्यांची जात युरोपात पोचली. १८८० साली जोसेफ हूकर याने तिला हिबिस्कस शिझोपेटॅलस या स्वतंत्र जातीचे स्थान दिले. पुढे हवाई बेटांत या सर्वांची सरमिसळ इतकी झाली की १९१३ साली तेथील कृषी प्रयोग केंद्राला केवळ शोभेच्या जास्वंदींवर एक पुस्तिका काढावी लागली. आपल्या राज्यात बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनेही जास्वंदीचे अनेक संकरित वाण काढले.

बागेच्या दृष्टीने नारिंगी जास्वंदीत कोणकोणत्या तऱ्हा मिळतात? पहिली आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची, ती गावठी एकेरी. पाच पाकळ्या, चारपाच इंचांचे फूल, मध्यभागी गडद तांबडा डोळा किंवा त्याची नुसती छाया. झाड पुरुषभर उंच होते, पाऊस सोसते, गुरांनी ओरबाडले तरी पुन्हा फुटते. तिला छापील नाव नाही. जास्वंदीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी ऑस्ट्रेलियातील हिबिस्कस सोसायटीकडे असते, तिथे हजारो नावे आहेत. आपल्या परसातली ही बिचारी 'अमक्यांकडची जास्वंद' एवढ्याच नावाने ओळखली जाते.

दुसरी दुहेरी, म्हणजे दाट पाकळ्यांची. तिच्या आतील जास्तीच्या पाकळ्या म्हणजे बहुतांशी रूप पालटलेली केसरदलेच होत. ती देवाला वाहायला भरगच्च दिसते, पण पावसाळ्यात पाणी धरते आणि कळ्या कुजतात. तिसरी मनोऱ्याची. खाली पाच पाकळ्यांची बैठक आणि केसरनळीच्या टोकाला पाकळ्यांचा दुसरा झुपका, जणू फुलावर फूल. 'एल कॅपिटोलिओ' या तांबड्या वाणाच्या एका फांदीवर असा फिका नारिंगी प्रकार आपोआप निपजला व तो वेगळा वाढवला गेला. चौथी ती वर सांगितलेली आफ्रिकेची कातर जास्वंद. लांब देठाला उलटे लोंबणारे फूल, मागे वळलेल्या झिरमिळ्या पाकळ्या, खाली लटकणारी केसरनळी. झुंबरच म्हणा ना. रंग नारिंगीकडे झुकलेला तांबडा. फूल खाली तोंड करून असल्यामुळे आपल्या पावसाचे पाणी त्यात साचत नाही, म्हणून घाटमाथ्यावर तिची मी आवर्जून शिफारस करतो. गावठी जास्वंदीशी तिचा संकर होतो, आणि अर्धवट कातरलेल्या पाकळ्यांची जी झाडे कुंपणाला दिसतात ती बहुधा याच संकराची संतती.

यांखेरीज संकरित मोठ्या फुलांच्या जाती पुण्याकडून, बंगळूरहून गाडीवर येतात. सहासात इंचांची फुले, चुणीदार कडा, नारिंगीत गुलाबी डोळा. 'फिएस्टा' हा त्यांतला जुना, नावाजलेला नारिंगी वाण. या जाती देखण्या खऱ्या. परंतु त्यांची मुळे नाजूक, पाणी तुंबलेले त्यांना सोसत नाही, आणि जांभ्या दगडाच्या कातळावर आठवडाभर झड लागली की पहिल्या त्याच माना टाकतात. कुंडीत ठेवून पावसाळ्यात ओसरीवर ओढून घेणे हाच उपाय. आणखी एक सावधगिरी. शिरांची जाळी असलेले नारिंगी घंटीसारखे फूल कुणी जास्वंद म्हणून विकत असेल तर ते आपल्या पेटारीच्या गोतातले ब्राझीलचे झुडूप आहे. सुंदर आहे, पण जास्वंद नव्हे.

आता मूळ मुद्दा. नारिंगी जास्वंदीचे बी पेरून नारिंगी जास्वंद मिळेल याची खात्री नाही. मुळात तिला बी फारसे धरतच नाही. शिंजीर येतो, मध घेतो, पुष्कळदा पाकळीच्या बुडाशी चोच खुपसून मागच्या दाराने घेतो, आणि फूल दुसऱ्या दिवशी गळून पडते. इतक्या जातींचे रक्त मिसळल्यामुळे तिची गुणसूत्रे अस्ताव्यस्त झाली आहेत. काही वाणांत ती ३६ मोजली गेली, तर काहींत १५० च्या वर. हाताने पराग लावून बोंड धरवले तरी त्यातून निघणाऱ्या रोपांत कुणी तांबडे, कुणी पिवळे, कुणी धड ना तांबडे ना गुलाबी. दोन रंगांचे ते नेमके प्रमाण पुन्हा जुळून येणे हा योगायोग. नवे वाण काढणाऱ्याला ही पर्वणी आहे, आणि ज्या विद्यार्थ्याला हौस असेल त्याने थंडीच्या दिवसांत, सकाळी फूल उमलताच, हा प्रयोग जरूर करावा. बोंड पिकायला सुमारे दोन महिने आणि रोप फुलायला वर्षदोन वर्षे लागतात. पण जुना वाण टिकवायचा तर त्याला काडीशिवाय दुसरा मार्ग नाही. काडीतून वाढते ते अपत्य नसते, तेच झाड असते. पणजीच्या अंगणातील नारिंगी जास्वंदीची काडी आजीने, तिची आईने, तिची लेकीने लावली असेल तर चारही अंगणांत एकच झाड उभे आहे. आणि चौथ्या अंगणात ते मेले आणि बाकीची तीन आधीच मोडली गेली असतील, तर तो रंग संपला.

हे जोयडा तालुक्यात नुसते कल्पनेने लिहावे लागत नाही. १९८७ मध्ये पुरे झालेल्या सुपा धरणाखाली जुने सुपे आणि कित्येक गावे गेली; माणसे रामनगरला आणि इतरत्र वसली. पुढे २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळीचे नाव मिळाले, आणि जंगलातील वाड्यांतून काही कुटुंबे पुनर्वसन घेऊन बाहेर पडली. त्या निर्णयांच्या बऱ्यावाईटाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. घर हलवताना माणसे भांडी नेतात, देव नेतात, गुरे नेतात. जास्वंद नेण्याचे बहुधा कुणाला सुचत नाही, कारण ती तर सगळीकडेच असते असे आपण धरून चालतो. तांबडी असते. नारिंगी नसते.

कलमी झाडांबाबत एक घोटाळा मी स्वतः भोगला आहे. एका रोपवाटिकेतून केशरी फुलांचे कलम आणले. दोन वर्षे ते छान फुलले. तिसऱ्या वर्षी सगळे झाड तांबडे! शेजाऱ्यांनी निदान केले की इथल्या मातीचा गुण. मातीने पानांची तब्येत बदलते, झाडाची जात बदलत नाही. घडले होते असे की नाजूक केशरी वाणाचा डोळा चिवट तांबड्या जास्वंदीच्या खुंटावर भरलेला होता. सांध्याच्या खालून खुंटाला फुटवा आला, मला तो जोमदार म्हणून आवडला, मी तो जपला आणि त्याने वरच्या केशरीला उपाशी मारले. सांध्याखालचा फुटवा दिसताच खुडावा. याउलट, सांध्याच्या वर एखाद्याच फांदीला निराळ्या रंगाचे फूल आले, तर तो खुंटाचा खोडसाळपणा नसून खरा उत्परिवर्तनाचा प्रकार असू शकतो. ती फांदी खुडू नये. तिला दोरा बांधावा आणि तिची वेगळी काडी करावी.

काडी लावण्याची रीत सोपी आहे. पावसाळ्याच्या तोंडाला, किंवा पाऊस ओसरताना भाद्रपद-आश्विनात, पेन्सिलीएवढी जाड, कोवळीही नव्हे आणि जून लाकडासारखीही नव्हे अशी फांदी घ्यावी. सहा ते आठ इंच लांबी पुरे. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली, तिरका. टोकाची एकदोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. वरच्या कापाला शेणाचा टिळा लावण्याची जुनी चाल चांगली आहे. काप सुकत नाही. वाळू आणि कुजलेला पालापाचोळा मिसळून त्यात दोन पेरे गाडावीत आणि सावलीत ठेवावे. पाचसहा आठवड्यांनी मुळे धरतात. पाने फुटली म्हणून उपटून पाहू नये. पाने काडीतल्या शिदोरीवरही फुटतात. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना काडीने मुळे धरणे जड जाते, त्यांना गुटी बांधावी.

पुढची निगा फारशी नाही. पाणी न तुंबणारी जागा, निदान अर्धा दिवस ऊन, शेणखत, आणि आपल्या आंबट जमिनीला अधूनमधून चुलीची मूठभर राख. फूल नव्या फुटीला येते, म्हणून पाऊस सरल्यावर हलकी छाटणी करावी. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर पिठ्या ढेकूण किंवा मावा आहे असे समजावे. पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळीचा अर्क बहुधा पुरतो.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येत्या सुट्टीत कुंभारवाडा परिसरात एक काम करता येईल. आपापल्या वाडीतील नारिंगी जास्वंदी शोधाव्यात. प्रत्येकीचे फूल एकाच वेळी, सकाळी नऊच्या सुमारास, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावे. पाकळीची लांबी, डोळ्याचा रंग, पाकळीची कड, पानाचा आकार लिहावा. काडी कुठून आली ते घरच्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे, आणि ती जे नाव सांगेल तेच, मराठी, कोंकणी वा कन्नड, जसेच्या तसे उतरवून घ्यावे. मग परवानगीने दोन काड्या आणाव्यात, एक महाविद्यालयाच्या आवारात आणि एक दुसऱ्या गावातील नातलगाकडे लावावी. चिठ्ठी शाईने लिहू नये, आपल्या पावसात आषाढ संपायच्या आत ती कोरी होते. पत्र्याच्या पातळ तुकड्यावर खिळ्याने कोरावी आणि तार सैल बांधावी, म्हणजे फांदी जाड झाल्यावर गळफास बसणार नाही.